तळ बघायला गेले, उळं सांडून आले

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी सांगता येईल. मी नाशिकला गेले ती एक जुना, नक्षीचा चहाचा डबा मिळवायला, आणि परत आले ती कळवणकडच्या एका भल्या घराचं कांद्याचं वर्षाचं बी अंगणात सांडून. डबा मिळाला का, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. ते बी उगवलं का, हे मात्र पुढचे कितीतरी दिवस मीच फोन करकरून विचारत होते आणि उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

माझा छंद थोडा समजावून सांगायला हवा, कारण सांगलीत आमच्या गल्लीतसुद्धा तो कुणाला धड कळलेला नाही. चहा जेव्हा सोन्यासारखा महाग होता तेव्हा साहेबलोकांच्या घरी तो कुलपाच्या डब्यात राहायचा आणि किल्ली मडमेच्या कमरेला. ते डबे बघत राहावेत असे असतात. काळ्या रोगणावर सोनेरी वेली, कुठे बगळ्यांची जोडी, कुठे नुसतीच शिसवी पेटी आणि तिला पितळेची इवलीशी कडी. आत कथलाचं अस्तर, वर एक झाकण, आणि ते उघडलं की आत आणखी एक घट्ट झाकण, दमट हवेनं चहा खराब होऊ नये म्हणून. शाळेच्या ऑफिसात उभा जन्म कारकुनी केल्यावर निवृत्तीच्या पैशातून मी पहिला डबा घेतला, आणि मग काय, लागलं वेड. आता काचेच्या कपाटात रांगच्या रांग आहे. आमचे हे म्हणतात, "एवढ्या डब्यांत मिळून चिमूटभर चहा नाही, आणि पाहुणा आला की तू शेजारी पावडर मागायला जातेस." म्हणू देत. मी मनावर घेत नाही.

या छंदाची एक खोड असते. डबा हाती आला की आधी तो उलटा करायचा. वरची नक्षी काय, कुणीही काढेल. पण तळावर कारखान्याचा ठसा असतो, एखादा आकडा असतो, डाग दिलेला सांधा असतो. डब्याचं खरं वय तळाला कळतं. ही खोड माझ्या हाडामांसात इतकी भिनलीय की लग्नाच्या पंगतीत मी ताटलीसुद्धा उलटी करून बघते. म्हणून माझी सून माझ्या शेजारी जेवायला बसत नाही.

नाशिक

नाशिकला माझी हक्काची माणसं म्हणजे रत्नमाला आणि तिचे यजमान वसंतराव. रत्ना आणि मी कॉलेजात एका बाकावर बसलेल्या. पुढे ती मास्तरीण होऊन कळवण भागात बरीच वर्षं राहिली आणि निवृत्तीनंतर सातपूरच्या कॉलनीत स्थायिक झाली. वसंतराव तिथल्याच एका कारखान्यात टर्नर होते. घरात शिरल्या शिरल्या समोर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि त्याखाली वसंतरावांनी स्वतः लेथवर केलेली पितळी समई. मी समई उलटी करायला हात पुढे केला तसे ते म्हणाले, "असू द्या शैलाताई, मीच केलीय. तळाला काही लिहिलेलं नाही."

सकाळी मिसळ खायला नेलं. आमच्याकडे तर्री म्हणजे लालभडक, कपाळावर घाम आणणारी. इथला रस्सा काळ्या मसाल्याचा, दिसायला गंभीर, आणि सोबत पापड, दही, वर जिलबी! मिसळीबरोबर जिलबी बघून मी म्हटलं, "हे काय, मुंज आहे का कुणाची?" रत्ना म्हणाली, "खाऊन तर बघ, मग नावं ठेव." खाल्ली. नावं ठेवायचं राहून गेलं.

मग भांडी बाजार. तांब्या-पितळेची दुकानं ओळीने, ठोक्यांचा आवाज, आणि जुन्या वस्तूंचा एक दुकानदार, ज्याचं नाव मला आधीपासून ठाऊक होतं. त्यानं कापडात गुंडाळलेला डबा काढला. "शंभर वर्षांचा हाय ताई. संस्थानिकांच्या घरचा." मी सवयीप्रमाणे उलटा केला. तळाला खरवडून काढलेल्या स्टिकरचा चिकट चौकोन, आणि त्या चिकटाला अजून दोन काळ्या रेघा लागलेल्या, किराणा मालाच्या बारकोडला असतात तशा. मी तो त्याच्या नाकासमोर धरला. बिचारा खदखदून हसला. "ताई, तुम्ही पहिल्याच. लोक वरूनच बघून घेऊन जातात." त्यानं चहा मागवला, आणि तो चहा मात्र झकास होता. बाहेर पडताना मी रत्नाला म्हटलं, "बघितलंस? तळ बघायची सवय किती उपयोगाची!" हे वाक्य मी बोलले होते हे रत्नानं पुढे मला पुन्हा पुन्हा ऐकवलं.

खरा डबा नाशकात नव्हताच. तो होता रत्नाच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी. बापू त्याचं नाव. कळवणला नोकरीत असताना रत्नानं तो डबा त्याच्या आईच्या, जिजाबाईंच्या फडताळात पाहिला होता, आणि मी फोनवर माझ्या डब्यांचं पुराण लावल्यावर तिला तो आठवला. काळा, सोनेरी वेलीचा, दोन झाकणांचा. मी ऐकलं आणि तिकीट काढलं.

"देतील का गं?" मी विचारलं.

"मागून बघ," रत्ना म्हणाली. "पण आधीच सांगते, त्यात त्या कांद्याचं बी ठेवतात. घरचं बी. फार जपतात."

बी काय, दुसऱ्या डब्यात ठेवतील, असं मी मनात म्हटलं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

कळवणच्या वाटेवर

निघालो तो दिवस सर्वपित्री अमावस्येचा. मी म्हटलं, अशा दिवशी कुणाच्या घरी जायचं का? रत्ना म्हणाली, "बापूनंच बोलावलंय. पित्तराला चार माणसं जेवली तर त्यांना आनंदच होतो." आमच्याकडे याला म्हाळ म्हणतात. शब्द वेगळा, खीर तीच.

दिंडोरी सोडली तशी दोन्ही हातांना द्राक्षबागा लागल्या. काही बागांत छाटणी सुरू होती, काड्यांचे ढीग बांधावर. वणीला गाडीत निम्मी माणसं देवीच्या गडावर जाणारी निघाली, कारण दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. एका आजीनं माझ्या मांडीवर तिची परडी ठेवली ती तासभर तिथंच राहिली. पुढे डोंगर जवळ येत गेले, मक्याची रानं आली आणि घराघरामागे लांबलचक, हवा खेळती राहावी म्हणून फटी ठेवलेल्या कांद्याच्या चाळी. आमच्या कृष्णाकाठी ऊस आणि हळद, त्यामुळे कांदा एवढ्या थाटात राहतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

गावाचं नाव लिहीत नाही. माझ्यासारखं आणखी कुणी तिथं जाऊन डबे उलटे करायला नकोत.

बापू रस्त्यावर घ्यायला आला होता. चाळिशीचा गडी, पण रत्नाला बघताच चप्पल काढून पाया पडला. "बाई, अजून तुमची छडी आठवते."

"मी कधी छडी मारली रे तुला?"

"मारली नाही. टेबलावर ठेवायच्या ना. तीच आठवते."

घर साधं, पत्र्याचं, पण अंगण म्हणजे आरसा. सकाळीच शेणानं सारवलेलं होतं, आणि मधेच एक सर येऊन गेल्यानं अजून ओलसर होतं. जिजाबाई दारात उभ्या. सत्तरीच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. "बठा ताई, पानी ल्या." त्यांची बोली अहिराणी. 'आहे'ला त्या 'शे' म्हणतात. पहिला अर्धा तास मी नुसती मान डोलवत होते, मग कान बसला.

सुरेखानं, म्हणजे बापूच्या बायकोनं, चहा टाकला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी. चहाची पावडर तिनं कुठून काढावी? प्लास्टिकच्या पिशवीतून, आणि पिशवीच्या तोंडाला कपडे वाळत घालायचा चिमटा! मी आपली न राहवून म्हटलं, "अगं, एवढा सुंदर चहाचा डबा घरात असताना?"

जिजाबाई आतून हसल्या. "चहा काय, दुकानमा रोज भेटस."

चहा बशीत ओसंडेपर्यंत भरून दिला. अर्धा कप पाहुण्याला द्यायचा म्हणजे इथे अपमान. आमच्याकडे बशीत सांडलेला चहा म्हणजे वाढणारीचा हलगर्जीपणा. मी मुकाट्यानं आधी बशी संपवली.

मग डबा बघितला. आई गं, काय सांगू! मधल्या खोलीत पाटावर ठेवलेला, शेजारी केळीच्या पानावर नैवेद्य: खीर, उडदाचे वडे, कढी, गवारीची भाजी. डब्यावर झेंडूची दोन फुलं. काळं रोगण कडांना झिजलेलं, पण सोनेरी वेल अजून झळकत होती आणि दर्शनी बाजूला दोन पक्षी, एक मान वर करून, एक मान वळवून. माझ्या कपाटातले सगळे डबे त्याच्यापुढे पाणी भरतील असा.

बापूनं सांगितलं, त्याच्या वडिलांचे आजोबा देवळालीला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा जाताना हा डबा दिला. आजोबांनी चहा काही प्यायला नाही. पण झाकण घट्ट बसतं, ओल आत जात नाही, हे त्यांच्या माळ्याच्या नजरेला दिसलं. कांद्याचं बी मोठं नाजूक, पावसाळ्याची दमट हवा लागली की मेलंच. त्याला इकडे उळं म्हणतात. चाळीतले निवडक कांदे पुन्हा लावायचे, त्यांना डोंगळे येतात, चेंडूसारखे पांढरे फुलोरे, त्यातून वैशाखात उळं निघतं, आणि दिवाळीच्या आसपास वाफ्यात टाकेपर्यंत ते या डब्यात राहतं. "बाकी रानात मका," बापू म्हणाला, "पण कांदा आमचा घरच्याच उळ्याचा. बाजारचं बी या घरात आजवर आलं नाही."

आणि दर सर्वपित्रीला हा डबा पाटावर ठेवायची त्यांची रीत. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-घास टाकायचा, त्याला ही माणसं आगारी म्हणतात, आणि मग आतलं झाकण सैल करायचं. का, तर आजोबांना बी दिसावं. नीट आहे, वाया गेलेलं नाही, हे त्यांनी बघून जावं. जिजाबाईंनी माझ्यादेखत झाकण सैल केलं आणि हात जोडले. मला गलबलून आलं. आमच्या म्हाळात आम्ही वाडवडिलांना नुसतं जेवायला घालतो, हिशेब दाखवायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

अंगणात

जेवणं झाली. खीर दोनदा घेतली. मग सगळे अंगणाच्या कडेला सतरंजीवर बसलो. जिजाबाईंनी डबा बाहेर आणला, फुलं काढून बाजूला ठेवली आणि कौतुकानं माझ्या हातात दिला. वरचं झाकण त्यांनी मिटलेलं होतं.

मी विषय काढलाच. म्हटलं, "जिजाबाई, हा डबा मला द्याल का? तुम्ही सांगाल तसं. मी त्याला जिवापाड जपेन."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "काय ठेवशात यामा?"

"काही नाही. काचेच्या कपाटात ठेवायचा. बघायला."

"रिकामा?"

"हो."

त्या रत्नाकडे बघून हसल्या. त्यांच्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. आपण लहान मुलाला "चंद्र हवाय?" म्हणून हसतो, तसं हसल्या. तेवढ्यात आतून सुरेखानं काहीतरी विचारलं आणि त्यांनी मान वळवली.

आणि मी डबा उलटा केला.

कसा केला, का केला, शपथेवर सांगते, मला कळलंसुद्धा नाही. नक्षीचा डबा हातात आणि तळ दिसलेला नाही, बस्स, मनगटं आपोआप फिरली. आतलं झाकण आपल्या डोळ्यांदेखत सैल केलंय हे डोक्यात होतं, पण हातांना कोण सांगणार? वरचं झाकण बिजागरीवर लोंबलं, आतलं टणकन पडलं, आणि काळंभोर उळं भुर्रकन त्या ओल्या अंगणात.

काळ्या चहासारखंच दिसतं हो ते. काळं बी, ओल्या शेणामातीवर. वेचायचं म्हटलं तर दिसेना. वर कोंबड्या! कुठून आल्या कोण जाणे, सगळ्या धावत. सुरेखा झाडू घेऊन त्यांच्यामागे, बापू "हूऽऽश" करत, आणि रत्ना मला म्हणाली, "शैले, तुझ्या त्या तळाला आग लागो!"

"हाई काय करं व माय!" जिजाबाई म्हणाल्या आणि बी चाचपत खाली बसल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी बी गोळा करायला लागले, तर बोटांना लागून ते आणखीच चिखलात रुतायला लागलं. "मी भरून देते," मी म्हटलं, "बाजारातलं सगळ्यात चांगलं बी आणून देते."

बापू शांतपणे म्हणाला, "मावशी, तुम्ही उठा आधी." त्यानं एक चिमूट तळहातावर घेऊन बोटानं चोळली. "भिजलंय. आता हे ठेवता येणार नाही. वाळवलं तरी मरणार. आजच्या आज टाकायला पाहिजे."

"आज?" जिजाबाईंनी मान वर केली. "आमुशाले बी टाकतस का कोनी?"

अमावस्येला या भागात बी टाकत नाहीत. आणि वेळही फार लवकर. परतीचा पाऊस अजून गेलेला नव्हता. नाजूक रोपावर पाणी साचलं की ते कुजतं. टाकावं तर पावसाची भीती, ठेवावं तर नक्कीच जाणार.  

शेवटी रत्नाच बोलली. वर्गात बोलायची तशीच. "जिजाबाई, बी भिजलंय, त्याला अमावस्या-पौर्णिमा कळत नाही. ते आतून सुरू झालं. आता ते थांबायचं नाही, आपणच थांबलोय."

"बाई, मना हात नही उचलायत."

"मग पहिली मूठ मी टाकते. माझ्या घरात कुणी अमावस्या पाळत नाही. काय व्हायचं ते माझ्या हातून होऊ दे."

जिजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. या बाईनं त्यांच्या पोराला पाढे शिकवले होते, लिहायला शिकवलं होतं. एकाएकी त्या उठल्या, पदर खोचला. "टाका बाई. तुमना हातना आक्षर चांगला शेतस, बी बी चांगलंच येई."

मग जी धावपळ झाली! विहिरीजवळ मका काढलेला एक तुकडा होता. बापूनं कुदळ-फावडं घेऊन गादीसारखे उंच वाफे करायला घेतले, पाऊस आला तरी पाणी निथळून जावं म्हणून. सतरंजीच्या कडेला चिखल न लागता नुसतं ओलं झालेलं बी सुरेखानं सुपात भरलं. आणि चिखलात गेलेल्याचं काय? मी विचारलं तर जिजाबाईंनी खुरपं आणलं आणि तो आरशासारखा सारवलेला अंगणाचा थर वरच्या वर खरवडायला सुरुवात केली. शेण, माती, बी, सगळं एकत्र पाटीत. सकाळी ज्या हातांनी सारवलं त्याच हातांनी. "तूबी धर," मला म्हणाल्या. मघाचं अहोजाहो गेलं, आणि मला बरं वाटलं. रागावलेल्या माणसानं तुम्हाला कामाला लावलं तर समजावं, अजून आशा आहे.

दिवस कलेपर्यंत आम्ही पाचही जण वाफ्यांत होतो. रत्नानं पहिली मूठ टाकली, डोळे मिटून नाही, चष्मा नीट बसवून. बापू बोटानं रेघा ओढी, आम्ही बी सोडत जाऊ, सुरेखा वर बारीक माती ओढी. अंगणाची पाटी एका वेगळ्या वाफ्यात रिकामी केली. माझी कंबर धरली, नखांत चिखल, साडीची पार दैना. आयुष्यात इतके डबे पाहिले असतील, पण बी मी त्या दिवशी पहिल्यांदा मातीत सोडलं. ते बोटांतून सुटताना कळतसुद्धा नाही, इतकं हलकं असतं.

सगळं झाल्यावर हातपाय धुऊन बसलो. जिजाबाईंनी रिकामा डबा पदरानं पुसला, माझ्यासमोर आणून जमिनीवर उलटा ठेवला आणि म्हणाल्या, "आते देख. पोटभर देख."

रत्ना फिसकन हसली. मी बघितलं. तळाला ठसा नव्हता, आकडा नव्हता, काही नव्हतं. कधीतरी तळ गंजून गेला असावा, आणि कुणा कल्हईवाल्यानं घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून कथलानं डाग देऊन बसवला होता. ओबडधोबड, पण पाणीसुद्धा जाणार नाही इतका पक्का. मी ज्याला डब्याचं खरं वय म्हणते ते केव्हाच निघून गेलं होतं, आणि डबा आपला काम करत होता.

तो आता रिकामा होता. मागितला असता तर कदाचित दिलाही असता त्यांनी. पण मागायला माझी जीभ उचलली नाही. निघताना मी जिजाबाईंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बापूनं रस्त्यापर्यंत सोडलं. 

सांगली

घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात पावसाच्या बातम्या. आमच्याकडे कोरडं ठणठणीत, आणि मी मोबाइलवर कळवणचं आभाळ बघत बसलेली. ह्यांनी विचारलं, "डबा कुठाय?" मी म्हटलं, "पाऊस पडतोय तिकडे." ते उमगून पुन्हा पेपरात शिरले.

सुरेखाला फोन करायची. ती बिचारी दर वेळी नीट सांगायची. वाफ्यांवर जुन्या साड्या ताणून बांधल्यात मावशी. आज उघाड आहे, काढल्या. आज परत आला, बांधल्या. मी विचारायची, "सासूबाई काय म्हणतात?" ती म्हणायची, "काही नाही म्हणत. सकाळ-संध्याकाळ वाफ्यापाशी जाऊन बसतात." हे ऐकून मला जेवण जाईना. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. रत्नालाही फोन केला, तर ती म्हणाली, "पहिली मूठ माझी आहे, शैले. तू एकटीच जागी आहेस असं समजू नकोस."

माझ्या कपाटातल्या डब्यांकडे बघायची इच्छाच होईना. एक दिवस सहज म्हणून एकाचं झाकण उघडून आत नाक घातलं. कसलाच वास नव्हता. चहाचाही नाही.

बी टाकल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते आणि फोन वाजला. नाव सुरेखाचं, पण आवाज वेगळा. मोठ्यानं बोलणारा, फोनवर विश्वास नसलेला.

"शैला का?"

"हो. कोण? जिजाबाई?"

"उगनं व माय!"

 हातातली गवार खाली पडली. मग पाठीमागून बापूनं सविस्तर सांगितलं. विहिरीकडच्या कोपऱ्यात पाणी लागलं, तिथलं थोडं कुजलं. बाकी आलंय, हिरव्या सुतासारखं. आणि सगळ्यात दाट कुठला वाफा म्हणता, मावशी? अंगणाच्या मातीचा. बाईंना आत्ताच कळवलं, त्या फोनवर रडल्या.

रत्ना रडली! ह्यावर माझा विश्वास बसला नाही, पण तोवर मीही रडतच होते, त्यामुळे वाद घातला नाही.

फोन पुन्हा जिजाबाईंनी घेतला. मी म्हटलं, "जिजाबाई, मला माफ करा हो. मनापासून."

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "आयक. चाळमाना कांदा आते लावसूत. वैशाखमा डोंगळाना बी निघी. तू येजो."

"मी? मी येऊ?"

"सांडेल कोनी? तूच ना? मग भराले तूच येवाले पाहिजे." आणि मग अगदी गंभीरपणे, "बी तू भरजो. डबा मी धरसू."